एसजीपीटी नॉर्मल आलं, पण आयजीजी बघितलं का? ऑटोइम्यून लिव्हर आणि रक्ताचे रिपोर्ट

धागा काढणारी : मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातली. माझ्या आक्काला (थोरली बहीण, आता ४४ वर्षांची, सासर नंदगडच्या बाजूला) २०२१ पासून ऑटोइम्यून हिपॅटायटिस आहे. शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा स्वतःच्याच लिव्हरवर उलटते, तो हा आजार. लिव्हर म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न दारूचा. बाईला तो विचारता येत नाही, म्हणून येणारे-जाणारे भावोजींकडे बघायचे. भावोजी माळकरी आहेत. त्या नजरांचा त्यांना किती त्रास झाला ते मी पाहिलंय, म्हणून आधीच सांगते : या आजाराचा दारूशी संबंध नाही, तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही, आणि पुरुषांपेक्षा बायकांना बराच जास्त होतो.

धागा काढण्याचं कारण रिपोर्ट. रक्त द्यायचं, संध्याकाळी मोबाईलवर पीडीएफ येते, त्यात ठळक अक्षरात काही आकडे, शेजारी बाण. बाण नसला की घरात आनंद, बाण असला की जेवण जात नाही. दोन वर्षं आम्ही असंच केलं आणि त्यात एक मोठी चूक झाली. ती कुणाकडून होऊ नये म्हणून सगळं लिहिते.

२०२१ च्या पावसाळ्यात आक्काला थकवा यायला लागला. नट्टी चालू होती, भाताच्या चिखलात उभं राहवेना. लघवी हळदीच्या पाण्यासारखी, मग डोळे पिवळे. घरातल्यांनी रिवाजाप्रमाणे काविळीचं औषध देणाऱ्याकडे नेलं. मनगटाच्या वर डाग दिला, सकाळी ताकातून पाला दिला. तीन आठवडे त्यात गेले. त्या डागाची खूण अजून हातावर आहे. बेळगावात आणलं तेव्हा एसजीपीटी (लिव्हरच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) ११४० होतं, बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) ९.२. काविळीच्या विषाणूंच्या (ए, बी, सी, ई) सगळ्या तपासण्या निगेटिव्ह. मग डॉक्टरांनी एएनए, एएसएमए (दोन्ही स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या प्रतिपिंडांच्या तपासण्या) आणि आयजीजी (रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण) लिहून दिलं. एएनए १:३२० पॉझिटिव्ह, एएसएमए पॉझिटिव्ह, आयजीजी २६८०. पुढे बायोप्सी झाली आणि नाव कळलं.

वहीत मी उतरवून ठेवलेलं :

ऑगस्ट २०२१ : एसजीपीटी ११४०, आयजीजी २६८० (प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडची गोळी, ४० सुरू)
४ आठवड्यांनी : एसजीपीटी २९०
३ महिन्यांनी : एसजीपीटी ४८, आयजीजी १९८० (मधल्या काळात अझाथायोप्रिन, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी, सुरू, प्रेडनिसोलोन उतरत १० वर)
५ महिन्यांनी : एसजीपीटी ३१, आयजीजी १७२०
८ महिन्यांनी : एसजीपीटी २६, आयजीजी १३८०

बघा, एसजीपीटी पाचव्या महिन्यात नॉर्मल झालं, आयजीजीला आठ महिने लागले. तेव्हा मला याचा अर्थ कळला नव्हता. मला वाटलं, एसजीपीटी हाच खरा आकडा, दुसरा उगाच महागाचा. आयजीजीला लिव्हरच्या साध्या तपासणीपेक्षा बरेच जास्त पैसे पडायचे. म्हणून २०२२ च्या शेवटी मी स्वतःच्या मनाने दोनदा आयजीजी वगळलं. एसजीपीटी ३६ आलं, नंतर ३८. बाण नाही. आम्ही खूश.

डॉक्टरांनी तिसऱ्या वेळी हट्टाने आयजीजी करायला लावलं. १८६० आलं. त्यांनी आक्काला समोर बसवून विचारलं, गोळ्या रोज घेता का? आक्का गप्प. मग हळूच म्हणाली, "एक दिवसाआड घेऊलोय. तोंड सगळं सुजल्यागत दिसूलंय, जावेच्या लेकीच्या लग्नात सगळी विचारूलीत." पुढे लग्नाच्या धांदलीत तिने अझाथायोप्रिन तर पूर्णच सोडलं, तेही आम्हाला न सांगता. सात आठवड्यांनी एसजीपीटी ४१२. आणि त्या दिवशीसुद्धा तिला काहीच होत नव्हतं. डोळे पांढरे, भूक चांगली, चुलीवर भाकऱ्या थापत होती. मी रिपोर्ट हातात घेऊन उभी होते आणि ती म्हणते, "मला काय होऊलंय? कशाला परत परत रक्त काढूलीस?"

आता सगळं पुन्हा ताब्यात आहे. पण माझं म्हणणं एवढंच : बरं वाटणं हा पुरावा नाही, एकटं एसजीपीटी नॉर्मल येणं हाही पूर्ण पुरावा नाही. एसजीपीटी आणि आयजीजी दोन्ही सोबत बघा, आणि एकेकटा रिपोर्ट न बघता मागच्यांच्या रांगेत ठेवून बघा. औषधाचा निर्णय अर्थातच तुमच्या डॉक्टरांचा. या विषयातली माहितीची माणसं इथे आहेत, त्यांनी भर घालावी.

टेस्टट्यूब :

ताई, वही ठेवलीत हे फार चांगलं केलंत. मी बेळगावात वीस वर्षं लॅबमध्ये आहे, रोज दोनशे नळ्या हाताखालून जातात. लॅबच्या बाजूने थोडं सांगतो.

एसजीपीटी आधी का उतरतं आणि आयजीजी मागून का, याचं कारण साधं आहे. एसजीपीटी म्हणजे लिव्हरच्या पेशीतलं एन्झाइम. पेशी दुखावली की ते रक्तात सांडतं. सांडणं थांबलं की रक्तातलं अर्धं साधारण ४७ तासांत नाहीसं होतं. एसजीओटी नावाचं दुसरं एन्झाइम तर त्याहून लवकर, १७ तासांच्या आसपास. आयजीजी म्हणजे प्रतिपिंडं, ती रक्तात आठवडेच्या आठवडे टिकतात. निम्मी व्हायलाच तीन आठवडे लागतात. शिवाय ती तयार करणाऱ्या पेशी शांत व्हायला वेळ लागतो. चुलीतला जाळ विझला तरी निखारे राखेखाली राहतात, तसं. तुमच्या आक्कांच्या वहीत ८ महिन्यांच्या ओळीला दोन्ही आकडे बसले, म्हणजे निखारेही बऱ्यापैकी विझले होते.

आता एकक. याच्यावरून दर महिन्याला कुणी ना कुणी घाबरून फोन करतं. आयजीजी काही लॅब मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात, काही ग्रॅम प्रति लिटरमध्ये. १३८० आणि १३.८ हा एकच आकडा आहे. गेल्या महिन्यात एक गृहस्थ चिकोडीहून धावत आले, "मागच्या वेळी पंधराशे होतं, आता पंधरावर आलं, रक्तातली ताकद संपली का?" त्यांना शांत बसवून दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले. बहुतेक लॅबमध्ये वरची मर्यादा १६०० च्या आसपास छापलेली असते, पण थोडा फरक असतो, म्हणून आकड्याशेजारची मर्यादाही वहीत लिहा. जमेल तोवर लॅब तीच ठेवा.

आणि एसजीओटीबद्दल. ते फक्त लिव्हरचं नाही. स्नायूंत, हृदयात आणि लाल पेशींतही असतं. ऊसतोडीचा हंगाम चालू असलेला माणूस दिवसभर मोळ्या वाहून दुसऱ्या सकाळी रक्त देतो, त्याचं एसजीओटी वर येऊ शकतं, कधी एसजीपीटीसुद्धा थोडं. अशा वेळी सीपीके (स्नायूंतल्या एन्झाइमची तपासणी) केलं तर स्नायूंचं काम कळतं. दुसरं, नमुना वाटेत फुटणं. रक्त काढताना बारीक सुईने जोरात ओढलं, किंवा नळी मोटारसायकलच्या डिकीत उन्हात आणि खड्ड्यांतून आली, की लाल पेशी फुटतात. सेंट्रिफ्यूजमधून काढल्यावर वरचं पाणी फिकट पिवळं असायला हवं, ते कोकमाच्या सरबतासारखं लालसर दिसतं. त्यात एसजीओटी, पोटॅशियम, एलडीएच खोटं वाढलेलं येतं. रिपोर्टखाली "हिमोलाइज्ड" असा शेरा असेल तर एसजीओटीचा आकडा धरू नका, पुन्हा रक्त द्या. तो शेरा वाचायचा असतो हे फार थोड्यांना माहीत आहे.

शहापूरवासी :

ताईंच्या आक्कांना लवकर आराम पडो. माझा थोडा वेगळा विचार आहे. आमच्या घरात तीन पिढ्या गुळवेल घेतात. कोरोनात सगळ्यांना रोज काढा दिला, कुणाला काही झालं नाही. गोळ्यांनी तोंड सुजतं, साखर वाढते. मग गुळवेलीसारखं प्रतिकारशक्ती वाढवणारं काही सोबत का देऊ नये?

जुना स्टेथोस्कोप :

मी निवृत्त फिजिशियन आहे, बेळगाव आणि हुक्केरी दोन्हीकडे काम केलं. शहापूरवासी, तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे आणि बरेच जण तो मनात ठेवून गप्प बसतात, म्हणून विचारलात ते बरं झालं.

या आजारात प्रतिकारशक्ती कमी पडत नाही, ती चुकीच्या जागी जोरात चालते. तिला आणखी जोर देणं म्हणजे बैल आधीच उधळलाय आणि आपण चाबूक ओढायचा. हा नुसता तर्क नाही. २०२१ मध्ये मुंबईतून गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला, त्यांच्या लिव्हरला झालेली इजा ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखी होती. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांतून ४३ रुग्णांची माहिती आली. काहींच्या अंगात हा आजार आधीपासून दबलेला होता आणि गुळवेलीने तो उघडा पडला, असंही त्यात दिसलं. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला, दुसऱ्या जातीची वेल गुळवेल समजून घेतली गेली असावी असं त्यांचं म्हणणं होतं. तो वाद वैद्यांनी आणि शास्त्रज्ञांनी सोडवावा. पण ज्याला ऑटोइम्यून लिव्हर आहे हे ठाऊक आहे त्याने गुळवेल घेऊ नये, यात मला जराही शंका नाही. तुमच्या घरातल्या निरोगी माणसांना काही झालं नाही याचा मला आनंदच आहे.

मलप्रभाकाठ ताई, २०२१ च्या त्या उन्हाळ्यात आक्का काढा घेत होत्या का?

मलप्रभाकाठ :

घेत होत्या, डॉक्टर. मार्चपासून रोज सकाळी, रिकाम्या पोटी, वेल ठेचून उकळून. मीच परसातली तोडून दिली होती. हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. काढ्यामुळेच झालं असं कुणी ठाम सांगितलं नाही, आणि काढा बंद करूनही तिला गोळ्या लागतातच. पण ती वेल मी उपटून टाकली.

जुना स्टेथोस्कोप :

स्वतःला दोष देऊ नका. त्या वर्षी अर्ध्या कर्नाटकात आणि अर्ध्या महाराष्ट्रात हेच चाललं होतं.

मूळ विषयाकडे येतो. लोक विचारतात, लिव्हरचा रिपोर्ट म्हणजे एकच गोष्ट ना? नाही. त्यात वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. एसजीपीटी आणि एसजीओटी सांगतात, आज पेशी किती दुखावल्या जात आहेत. आयजीजी सांगतं, उलटलेली यंत्रणा किती चाळवलेली आहे. अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रथिन), आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) आणि बिलिरुबिन सांगतात, लिव्हर आपलं काम करतंय का. प्लेटलेट हळूहळू वर्षभर उतरत असतील तर लिव्हर कडक होऊन प्लीहा वाढलेली असू शकते. म्हणून एसजीपीटी ३० असलेल्या माणसालाही सिरोसिस (व्रण होऊन लिव्हर कायमचं कडक होणं) असू शकतो. जळून गेलेल्या घरातून धूर येत नाही. आयएनआर वाढलं आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर वही-बिही बाजूला ठेवून त्याच तासाला मोठ्या इस्पितळात न्यायचं.

उपचाराला प्रतिसाद मिळाला असं डॉक्टर कधी म्हणतात? एसजीपीटी, एसजीओटी आणि आयजीजी तिन्ही मर्यादेच्या आत, आणि तेही उपचार सुरू झाल्यापासून ६ महिन्यांत, ही आज जगभर मानलेली व्याख्या आहे. चार आठवड्यांत एन्झाइम निम्म्यानेही उतरली नाहीत तर औषध पुरेसं लागू पडत नाही असं समजून पुन्हा विचार करायचा. आक्कांचं ११४० चं २९० झालं होतं, म्हणजे सुरुवात उत्तम होती. आयजीजीला सहाऐवजी आठ महिने लागले, असं होतं. अशा वेळी डॉक्टर स्टेरॉइड उतरवायची घाई करत नाहीत.

फायब्रोस्कॅनचं (लिव्हर किती कडक आहे ते मोजणारी तपासणी) एक. सूज असताना केला तर लिव्हर आहे त्याहून कडक दिसतं. उपचार सुरू होऊन सहा महिने तरी झाल्यावर केला तर आकड्यावर विश्वास ठेवता येतो.

घटप्रभा :

मला आठ वर्षं झाली. दर सहा महिन्यांनी एएनए आणि एएसएमए करून घेते. मागच्या वेळी १:१६० होतं, या वेळी १:३२०. दुप्पट झालं म्हणून चार रात्री झोप नाही. एसजीपीटी २४, आयजीजी १२९०. काय समजायचं?

टेस्टट्यूब :

ताई, आज रात्री झोपा. १:१६० आणि १:३२० यांत फक्त एका पातळीचा फरक आहे. रक्त अर्धं-अर्धं पातळ करत जायचं आणि मायक्रोस्कोपखाली कुठवर चकाकी दिसते ते डोळ्यांनी बघायचं, अशी ती पद्धत असते. एकाच माणसाचं रक्त सकाळ-संध्याकाळ दोन जणांनी बघितलं तरी एका पातळीचा फरक पडू शकतो.

जुना स्टेथोस्कोप :

बरोबर. ही प्रतिपिंडं निदानाच्या वेळी कामाची. मोठ्या माणसांत पुढे उपचार बदलताना त्यांच्या पातळीचा उपयोग होत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा करायची गरज नसते. तेच पैसे आयजीजीला लावा. तुमचे दोन्ही आकडे चांगले आहेत.

घटप्रभा :

आठ वर्षांत मला हे कुणी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही. खूप खूप आभार दोघांचे.

निपाणीची लेक :

माझ्या आईला पीबीसी (प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस) आहे. ऑटोइम्यूनच, पण लिव्हरमधल्या पित्ताच्या बारीक नळ्यांवर उलटणारा. पूर्वी याच्या नावात सिरोसिस हा शब्द होता, २०१५ मध्ये तो काढून कोलँजायटिस केला, कारण बहुतेकांना निदानाच्या वेळी सिरोसिस नसतो. आईला तो जुना शब्द कुणीतरी सांगितला आणि तिने मृत्युपत्राची भाषा सुरू केली होती. म्हणून नावाचं आवर्जून लिहिते.

हे लिहिण्याचं दुसरं कारण म्हणजे इथे आकडे वेगळे आहेत. आमच्या वहीत पहिला रकाना एएलपीचा, म्हणजे अल्कलाइन फॉस्फेटेजचा, पित्ताच्या नळ्या दुखावल्या की वाढणाऱ्या एन्झाइमचा. निदानाला एएमए ही प्रतिपिंडांची तपासणी, ते या आजाराच्या बहुतेक रुग्णांत पॉझिटिव्ह असतं. वाढतं ते आयजीएम, म्हणजे प्रतिपिंडांचा दुसरा प्रकार, आयजीजी नाही. आईची सुरुवात खाजेने झाली. अंगावर पुरळ नाही, काही नाही, पण रात्री तळहात-तळपाय इतके खाजायचे की ती थंड फरशीवर पाय घासत बसायची. दीड वर्ष त्वचेची मलमं लावली. तंबाखूच्या वखारीत कामाला होती, म्हणून सगळ्यांना वाटलं तंबाखूची ॲलर्जी.

एएलपी हाडांतूनही येतं. आईचे गुडघे दुखतात, मग वाढलेलं एएलपी हाडांचं की लिव्हरचं? डॉक्टरांनी जीजीटी (लिव्हरचं आणखी एक एन्झाइम, ते हाडांतून येत नाही) करून घेतलं. तेही वाढलेलं होतं, म्हणजे लिव्हरचंच. आता उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड चालू आहे, वजनाच्या हिशोबाने, किलोला १३ ते १५ मिलिग्रॅम. एका वर्षाने एएलपी आणि बिलिरुबिन बघून औषध लागू पडलं का ते ठरवतात. काही जणांना दोन्ही आजार एकत्र असतात, म्हणून आईचं एसजीपीटी आणि आयजीजीही अधूनमधून बघतात.

फौंड्रीवाला :

मी उद्यमबागेत फौंड्रीत आहे, वय २९. हा आजार पुरुषांना कमी होतो म्हणता, पण मला २०२२ मध्ये झाला. सध्या फक्त अझाथायोप्रिन ७५. दोन वर्षं एसजीपीटी ३० ते ३८ च्या मध्ये. यंदा लग्न ठरतंय. मुलीकडच्यांना गोळ्यांचं सांगायचं म्हणजे पंचाईत. दोन वर्षं नॉर्मल असलं की गोळी थांबवता येते असं वाचलं. पुढच्या महिन्यापासून थांबवायचं म्हणतोय.

मलप्रभाकाठ :

दादा, थांबा. दोन वर्षांत आयजीजी किती वेळा झालं?

फौंड्रीवाला :

सुरुवातीला दोनदा. नंतर नाही. कंपनीच्या तपासणीत एलएफटी (लिव्हरची साधी तपासणी) फुकट होतं, तेच वापरत आलो.

जुना स्टेथोस्कोप :

मग तुमची दोन वर्षं अजून मोजायला सुरुवात झालेली नाही. "दोन वर्षं" म्हणतात ती एन्झाइम आणि आयजीजी दोन्ही सलग नॉर्मल असलेली किमान दोन वर्षं. त्यातही बरेच तज्ज्ञ आधी बायोप्सी करून आत सूज उरली नाही ना हे बघतात. आणि एवढं सगळं करून थांबवलं तरी निम्म्याहून अधिक जणांचा आजार उलटतो, बहुतेकांचा पहिल्या वर्षातच. म्हणून थांबवल्यावर तपासण्या कमी होत नाहीत, उलट वाढतात. हे तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. स्वतः होऊन बंद करायचं नाही. स्टेरॉइड चालू असणाऱ्यांनी तर कधीच एकदम बंद करू नये, शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरलेलं असतं, रक्तदाब कोसळू शकतो.

अझाथायोप्रिन चालू आहे म्हणून आणखी दोन गोष्टी. तुमच्या वहीत पांढऱ्या पेशींचा रकाना हवाच. या गोळीने त्या उतरू शकतात. सुरुवातीच्या महिन्यांत दर एक-दोन आठवड्यांनी, नंतर साधारण तीन महिन्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). काहींच्या जनुकांत बदल असतो आणि नेहमीच्या डोसलाही पेशी झपाट्याने पडतात. टीपीएमटी या जनुकाचं नाव सगळे घेतात, पण आपल्या आशियाई लोकांत एनयूडीटी१५ या जनुकातला बदल जास्त महत्त्वाचा ठरतो. गोळी सुरू करण्यापूर्वीच ही तपासणी करून घेता येते. ताप, घशात फोड आले तर अंगावर न काढता त्याच दिवशी सीबीसी. दुसरं, युरिक ॲसिड वाढलं म्हणून कुणी ॲलोप्युरिनॉल दिलं तर त्याला अझाथायोप्रिन चालू आहे हे आधी सांगा. ही जोडी धोकादायक आहे, पांढऱ्या पेशी जिवावर बेतेल इतक्या उतरतात.

लग्नाचं म्हणाल तर, मुलीला खरं सांगा. हा आजार संसर्गाचा नाही, संसाराच्या आड येत नाही.

टेस्टट्यूब :

फौंड्रीवाला दादा, रक्त देण्याआधी दोन दिवस जड उचलण्याचं काम टाळता आलं तर टाळा, म्हणजे स्नायूंचं एसजीओटी मध्ये येणार नाही. सोमवारी सुट्टीनंतर दिलंत तर सगळ्यात बरं.

अंगणवाडी :

मी सहाव्या महिन्यात आहे, अझाथायोप्रिन आणि प्रेडनिसोलोन ५ चालू. रिपोर्टमध्ये एएलपी वाढलंय, अल्ब्युमिन कमी झालंय, आयजीजी पण उतरलंय. सासूबाई म्हणतात गोळ्या बंद कर, बाळाला लागतील. रडू येतंय.

जुना स्टेथोस्कोप :

बाळा, रडू नको. गरोदरपणात एएलपी वारेतून येतं म्हणून वाढतं. रक्तातलं पाणी वाढतं म्हणून अल्ब्युमिन आणि आयजीजी खाली दिसतं. एसजीपीटी आणि एसजीओटी मात्र गरोदरपणामुळे वाढत नाहीत, ते वाढलं तर कारण शोधायचं. अझाथायोप्रिन या काळात सहसा चालू ठेवतात, कारण आजार उलटणं आईला आणि बाळाला जास्त धोक्याचं. मायकोफेनोलेट नावाची गोळी असेल तर ती गरोदरपणात चालत नाही, पण तुला ती नाही. एसजीपीटी किती आहे? खाज सुटते का?

अंगणवाडी :

२२. खाज नाही.

जुना स्टेथोस्कोप :

छान. गोळ्या चालू ठेव, आणि पुढच्या वेळी सासूबाईंना सोबत घेऊन जा, डॉक्टरांच्या तोंडून त्यांना ऐकू दे. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत हा आजार उलटायची शक्यता जास्त असते. तेव्हा बाळाच्या गडबडीत स्वतःची तपासणी चुकवायची नाही. बारशाआधी एकदा एसजीपीटी, मग काही महिने नियमित.

मलप्रभाकाठ :

अंगणवाडीताई, माहेरी येणार असाल आणि खानापूर बाजूला असाल तर सांगा, रक्त द्यायला सोबत मी येईन.

वही कशी ठेवते ते सांगायचं राहिलं होतं, म्हणून सांगते. दोनशे पानी, आडवी धरून रेघा मारलेल्या. रकाने असे : तारीख, लॅब, एसजीपीटी, एसजीओटी, बिलिरुबिन, आयजीजी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, साखर, गोळ्यांचे डोस. शेवटचा मोठा रकाना "काय घडलं" असा. त्यात लिहिते : ताप आला, दातासाठी अँटिबायोटिक घेतलं, जत्रेत दोन दिवस गोळी चुकली. चुकलेली गोळी लिहायची अट आक्काने एकाच बोलीवर मान्य केली, की मी रागवायचं नाही. तेव्हापासून ती स्वतः लिहिते. स्टेरॉइडमुळे साखर वर्षातून काही वेळा, आणि हाडांची तपासणी एकदा झाली. हाडं थोडी ठिसूळ निघाली, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व चालू आहे.

फौंड्रीवाला :

तीन आठवड्यांनी येतोय. गोळी थांबवली नाही. सोमवारी रक्त दिलं, या वेळी आयजीजी पैसे भरून केलं. एसजीपीटी ३४. आयजीजी २०५०, मर्यादा १६०० लिहिली आहे. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मीही कबूल केलं, रात्रपाळीच्या आठवड्यात गोळी राहायची. डोस वाढवायच्या आधी सहा आठवडे रोज नेमाने घ्या आणि पुन्हा दाखवा म्हणाले. गोळी डब्यासोबत ठेवायला लागलोय, जेवायच्या सुट्टीत घेतो. मुलीला सांगितलं. तिने पहिला प्रश्न विचारला, "रोज किती वाजता घेता?"

ताई, वहीच्या एका पानाचा फोटो टाकता का? रेघा तशाच मारतो.

मलप्रभाकाठ :

टाकते दादा, आक्काला विचारून. नाव झाकून. सहा आठवड्यांनी तुमचे दोन्ही आकडे इथेच लिहा, वाट बघते. आक्काचं पुढचं रक्त येत्या मंगळवारी आहे, साडेसातच्या गाडीने निघतोय.